पट्ट्याला लावलेली राळ

माझ्या वडलांनी आयुष्यात एकच गोष्ट माझ्यापासून लपवून केली आणि ती तासाभरात उघडी पडली. त्याची शिक्षा ते अजून भोगतायत. ती शिक्षा मी दिलेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. 

वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांची कुंभारी गावात पिठाची गिरणी होती. पस्तीस वर्षं चालवली. गुडघे गेले, गिरणी मोडीत निघाली, आणि मी त्यांना जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे काय, दुसरं कोण आणणार होतं? एकुलता एक मी. लहानपणी गिरणीत माझ्या हातून काही सांडलं, मोडलं की ते गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणायचे, "ह्याच्या हातात यंत्र टिकत न्हाय." दळण घ्यायला आलेल्या बायका हसायच्या. मी पंचेचाळिशी ओलांडली, सरकारी कचेरीत टेबल आलं, जुनी का होईना गाडी घेतली, पण ते वाक्य काही डोक्यातनं गेलं नाही.

अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, अक्कलकोटच्या पुढं मैंदर्गीला दिलेली. त्यांची आई गेली तेव्हा अप्पा दीड वर्षाचे आणि आत्या नऊ वर्षांची. तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. अप्पांना आई म्हटलं की आत्याच आठवते, दुसरं काही आठवायला नाहीच त्यांच्याकडं. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आत्याच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. तीन आठवडे तोंडातनं शब्द नाही. आम्ही दोनदा जाऊन आलो. ती नुसती छताकडं बघायची आणि अप्पा तिचे पाय चेपत बसायचे.

मग एका रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या आतेभावाचा फोन आला. "दादा, आई बोलाय लागली की! माझा भाऊ कुटं हाय म्हनून विचारती. मामाला घेऊन या लगेच. डाक्टर म्हनलेत, परत झटका यिऊ शकतो, भरवसा न्हाय."

फोन स्पीकरवर होता. अप्पा चहा तसाच ठेवून उठले. "चल की," म्हणाले, "कपडे करतो मी."

आता घोळ असा, की आदल्या संध्याकाळीच पार्किंगमध्ये गाडीचा फॅनबेल्ट तुटला होता. इंजिनाच्या एका अंगाला दोन-तीन चाकं असतात, त्यांच्यावरनं हा रबरी पट्टा फिरतो. तो नसला की बॅटरी भरत नाही, पाणी फिरत नाही, दहा-पंधरा किलोमीटरमध्ये इंजिन उकळायला लागतं. नवा पट्टा माझ्या डिकीत पडून होता. बसवायचा तेवढा राहिला होता आणि रविवारी सकाळी मिस्त्री कुठला उठतोय.

"एष्टीनं जातो मी," अप्पा म्हणाले. "अक्कलकोटला उतरलं की म्होरं जीपगाड्या लई हायत."

बायको म्हणाली, "मी स्कूटीवर स्टँडपर्यंत सोडते त्यांना. साडेअकरापर्यंत पोचतील."

झालं असतं. सहज झालं असतं. पण माझं डोकं फिरलं. घरात गाडी असताना बाप एष्टीनं धक्के खात जाणार आणि तिथं सगळ्यांना सांगणार, पोराची गाडी बंद पडलीय म्हणून! मी म्हणालो, "एष्टीची पायरी चढता येते का तुम्हाला? पडलात तर मलाच निस्तरावं लागेल. अर्ध्या तासात पट्टा टाकतो. गप बसा."

अप्पा धोतर नेसून, टोपी घालून पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले. हातात आत्यासाठी मोसंब्यांची पिशवी. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि बॉनेट उघडलं.

अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले. बॅटरी भरणारा अल्टरनेटर असतो, त्याचे दोन बोल्ट ढिले करायचे, तो आत ढकलायचा, पट्टा चढवायचा आणि टॉमीच्या लोखंडी दांड्यानं अल्टरनेटर मागं ताणून बोल्ट आवळायचे. व्हिडिओत एक हसतमुख माणूस हे सगळं गाणं लावून करत होता. माझा खालचा बोल्ट गंजला होता. पाना दोनदा निसटला, बोटाची सालं निघाली. वरनं प्रत्येक येणारा जाणारा थांबून सल्ला देत होता. अप्पा फक्त एवढंच म्हणायचे, "किती वाजले रं?" त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड यायची.

एकदा ते वाकले. "पट्टा चढलाय न्हवं? बंद हाय तवर एकदा हात फिरवून बघू दे. खालच्या चाकापातूर."

हे गिरणीवाल्याचं काम. गिरणीवाला पट्टा डोळ्यानं बघत नाही. चाक थांबलेलं असताना पट्ट्याच्या कडेवरनं पूर्ण फेरा बोटं नेतो, मगच बटण दाबतो. अप्पांनी पस्तीस वर्षं रोज सकाळी हे केलं होतं. त्यांचा हात आत गेलाही होता. मी हातातल्या पान्यानं तो बाजूला सारला. सारला कसला, हाणलाच. मनगटाच्या हाडावर बसला.

"हात काढा! ही गिरणी नव्हे. उभा जन्म पिठात गेला तुमचा, आता मला इंजिन शिकवायला निघालात!"

वॉचमन फिदीफिदी हसला. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थही हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. अप्पाही मनगट चोळत हसले, आणि म्हणाले, "खरं हाय. मला काय कळतंय ह्यातलं."

साडेबाराला गाडी सुरू केली. इंजिन सुरू झालं पण पट्टा चिरकायला लागला. एकसारखी किंचाळी. मी म्हणालो, नवा आहे, फिरून फिरून बसेल, आणि इंजिन तसंच चालू ठेवून वर आंघोळीला गेलो. काळेकुट्ट हात घेऊन कुठं जाणार?

खाली आलो तर आवाज बंद. इंजिन कसं गोड चालत होतं! मी बॉनेट आपटून बंद केलं आणि अप्पांना म्हणालो, "बघा, बसला की नाही? माझ्या हातात यंत्र टिकत नाही म्हणत होता ना?"

अप्पांनी मान हलवली. "बसला की. झ्याक बसला." आणि लगबगीनं गाडीत बसले.

सव्वाला निघालो. वाटेत आतेभावाचा फोन आला, आई सारखी विचारतीय, कुठवर आलात? अप्पांनी फोन कानाला लावून मोठ्यानं सांगितलं, "आलोच म्हनावं अक्काला! वाटंतच हाय!" त्यांचा आवाज इतका लहान पोरासारखा मी कधी ऐकला नव्हता.

वळसंग मागं पडलं आणि पुढं फाट फाट आवाज आला. बॅटरीचा लाल दिवा लागला. उष्णतेचा काटा चढायला लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर आत पट्ट्याच्या चिंध्या. एक चिंधी हातात घेतली तर बोटांना चिकटली. पिवळट, चिकट काहीतरी. वास ओळखीचा. गिरणीतला वास.

"हे काय आहे?"

अप्पा खाली मान घालून उभे. "राळ हाय. म्या लावली. तू आंगुळीला गेलतास तवा. चिरकत हुता ना पट्टा? आमी गिरणीत लावायचो, घसरत असला की. वर माझ्या पेटीत खडा हुता, त्यो आनला. चालत्या पट्ट्याला धरला. आवाज गेला की नुसता."

गिरणीचा रुंद, सपाट पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावतात, हे मलाही माहीत होतं. गाडीच्या पट्ट्याला कुणी लावत नाही. अख्ख्या सोलापुरात गाडीच्या पट्ट्याला राळ लावणारा एकच माणूस असेल, तो माझ्या नशिबी आला होता.

माझं तोंड सुटलं. त्या रस्त्यावर, त्या उन्हात, मी त्यांना काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. अडाणी म्हणालो. चोरासारखं केलंत म्हणालो. आयुष्यभर माझ्या चुका काढल्यात, आता हे काय केलंत म्हणालो. ते ऐकत उभे होते. मोसंब्याची पिशवी या हातातनं त्या हातात करत होते.

तेवढ्यात एक जीप थांबली. "अक्कलकोट, अक्कलकोट! चला बाबा!" आत एक जागा होती. तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. पिशवी आत ठेवली. एक पाय पायरीवर टाकला. त्यांना चढता येत होतं. सकाळी मी म्हणालो होतो तसं काही नव्हतं.

"उतरा," मी म्हणालो. "तुमच्यामुळं गाडी बसली. आता गाडीपाशीच बसा."

"अक्का वाट बघत आसंल रं..."

"ते राळ लावताना सुचायला पाहिजे होतं."

जीपवाला माझ्याकडं बघत राहिला. अप्पा उतरले. पिशवी परत काढून घेतली आणि बाभळीच्या जराशा सावलीत जाऊन दगडावर बसले. मी का केलं तसं? आज विचारलं तर सांगता येईल, की त्यांना एकटं सोडायची भीती वाटली वगैरे. बायकोला मी तसंच सांगितलंय. पण खरं ते नाही. त्यांना शिक्षा करायची होती मला. हातात आलेला बाप सोडवत नव्हता.

त्यानंतर अजून दोन जीपा गेल्या. अप्पांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ओळखीच्या एकाला फोन करून मी दुसरी गाडी मागवली, ती पावणेपाचला आली.

मैंदर्गीला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. घराचं दार लोटलेलं होतं. आतेभाऊ बाहेरच बसला होता. म्हणाला, चार वाजता परत झटका आला, वाचा गेली, आता ओळखही देईना. मग अप्पांच्या तोंडावर, काही न कळता, सगळं सांगून टाकलं त्यानं. "दिवसभर विचारत हुती मामा. उठवून बसवा म्हनली, केस विंचरून घेतले. शेवटाला म्हनली, तो न्हाय यायचा. दार लोटून घ्या."

अप्पा आत गेले आणि आत्याच्या पायाशी बसले. मोसंबी सोलून तिच्या ओठाला लावली. रस गालावरनं खाली गेला.

चार दिवसांनी मिस्त्रीकडं गाडी गेली. त्यानं पट्ट्याच्या चिंध्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. "ये बेल्ट तुमीच बिठाए क्या साहेब?"

"हो. पण त्याला राळ लावली होती वडलांनी. त्यानंच गेला."

"राळीनं एवढ्या लगेच कुठं जातंय?" तो म्हणाला. "चाकाला खाचा असतात, त्यातली एक सोडून बसलाय पट्टा तुमचा. खालच्या चाकावर. हे बघा, कडेकडेनं चिरत गेलाय. म्हणून तर चिरकत असणार. वरनं दिसत नाही ते. हात फिरवला असता तर लगेच लागलं असतं बोटाला."

मी बरं म्हणालो आणि घरी आलो. अप्पा गॅलरीत बसले होते. "काय म्हनला मिस्त्री? राळच ना?" त्यांनी विचारलं. मी चपला काढता काढता म्हणालो, "दुसरं काय असणार."

एवढं एक वाक्य. तेव्हा वाटलं, नंतर कधीतरी सांगू. नंतर म्हणजे कधी, ते मात्र ठरवलं नाही.

आत्या गेली नाही. या गोष्टीला आता आठ महिने झाले. ती तशीच पडून आहे, डोळे उघडे, वाचा नाही. ऐकू येतं म्हणतात डॉक्टर. कळतं किती, देव जाणे. दर दुसऱ्या रविवारी मी अप्पांना घेऊन जातो. ते तिच्या उशाशी बसतात आणि दर वेळी पहिल्यापासून सांगायला लागतात. अक्का, म्या येत हुतो. पोरानं लई कष्ट करून पट्टा बसवला हुता. म्याच राळ लावली. माझी अक्कल गेलती. पोराचा काय दोष न्हाय. मी दाराला टेकून मोबाइल बघत उभा असतो.

मागच्या खेपेला ते सांगता सांगता थांबले. आत्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. आपोआप फिरलं असेल, पण अप्पांनी धसका घेतला. माझ्याकडं वळून म्हणाले, "तिला माझं खरं वाटंना बघ. मुद्दाम आलो न्हाय असं वाटतंय तिला. तू सांग की लेका. तू शिकलेला, तुझं ऐकंल ती."

मी जवळ गेलो. वाकलो. आत्याच्या अंगाला तेलाचा आणि औषधाचा वास येत होता. अप्पा माझ्या तोंडाकडं आशेनं बघत होते. इथं, या दोघांसमोर, एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं.

"व्हय आत्या," मी तिच्या कानाशी म्हणालो, "राळ अप्पांनीच लावली होती. म्हणून उशीर झाला."

अप्पांनी डोळे पुसले. "ऐकलंस न्हवं अक्का?" ते म्हणाले. "आता तरी खरं मान."