फर्नांडिसबाई आणि पेन्शनीत गेलेला ‘के’

एकाच स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं डबे उघडले की किस्से साचतातच. मालवणकडच्या कसाल गावापासून थोडं आत असलेल्या आमच्या हायस्कूलमधले निम्मे किस्से तरी फर्नांडिसबाईंचे आहेत. बाई इंग्रजीच्या, मी गणिताचा. इंग्रजी स्पेलिंगवर माझा जुना राग. लिहायचं एक आणि बोलायचं भलतंच, हा काय व्यवहार झाला?

एकदा मी बाईंना डिवचलं, “नाइफच्या आधी तो ‘के’ कशाला बसवून ठेवलाय? काम तर काहीच करत नाही.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “पूर्वी करायचा, सर. लोक ‘क’ उच्चारायचे. मग जिभा बदलल्या, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग पक्कं करून टाकलं होतं. तो पेन्शनीत गेलाय. तुमचाही नंबर लागणारच आहे.”

मी भाजी वाढून घेतली.

*

आमच्याकडे एसटीतून कोणी अनोळखी उतरला की पाणी देण्याआधी त्याचं गाव विचारतात. बाईंच्या वर्गात नव्या शब्दालाही तेच. फळ्यावर शब्द आला की मुलं एका सुरात विचारणार, “खंयसून इलंस रे?” बॅले फ्रान्सहून आला, म्हणून शेवटचा ‘टी’ गप्प. सायकॉलॉजी ग्रीसची, तिचा पहिला ‘पी’ इंग्रजांच्या जिभेला झेपला नाही.

एका पालकाने तक्रार केली, “बाई इंग्रजी शिकवतत काय सोयरिकी जुळवतत?”

“दोन्ही,” बाई म्हणाल्या.

*

‘आयलंड’मध्ये ‘एस’ लिहिला नाही म्हणून एका मुलाचा मार्क गेला. बाईंनी खरं ते सांगितलं: हा ‘एस’ मुळात नव्हताच, लॅटिनशी नातं आहे असं समजून विद्वानांनी तो चुकून घुसवला.

मुलगा म्हणाला, “मगे त्या इद्वानांचे किती मार्क कापलास?”

बाईंनी तिथल्या तिथे त्याला अर्धा मार्क परत दिला. मी असतो तर अंगठे धरून उभं केलं असतं.

*

सामन या विलायती माशाच्या नावातला ‘एल’ उच्चारत नाहीत, हे बाईंना फार उशिरा कळलं. तोवर कितीतरी बॅचेसना त्यांनी ‘साल्मन’ शिकवलं होतं. दुसरा कोणी गप्प बसला असता. बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून माफी मागितली. एवढा प्रामाणिकपणा मला कधी जमला नाही.

मालवणच्या एकाने त्यांनाच धीर दिला, “बाई, काळजी करू नकात. आमच्या जाळ्यात बांगडोच येता.”

*

दहावीतली तन्वी रेडी गावाहून मामाकडे शिकायला आली होती. आधीच्या शाळेत तिच्या वाचनावर मुलं हसली होती, तेव्हापासून ती मोठ्याने वाचेना. शेवटी म्हणाली, “माका इंग्रजी जमाचा नाय. मी शाळा सोडतंय.” घरचेही तयार झाले होते. बाईंनी एवढंच मागितलं, “एक परिच्छेद वर्गात वाच. मग जा.”

नेमकी त्याच दिवशी शिक्षण खात्याची तपासणी. साहेबांना घेऊन मी मागच्या बाकावर बसलो. तन्वी पुस्तक घेऊन उभी राहिली. दोन ओळी गेल्या आणि ‘थ्रू’पाशी गाडी अडली. एवढ्या अक्षरांचं करायचं काय, तिला कळेना.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, घालताना मानकरी दम घ्यायला थांबला की सगळे “व्हय म्हाराजा” म्हणतात. लहानपणापासूनची सवय. तन्वी थांबली तशी वर्गात कुठूनसं हळूच आलं, “व्हय म्हाराजा.” पाठोपाठ अख्खा वर्ग, “व्हय म्हाराजा!”

तन्वीला हसू फुटलं. तिने शब्द कसाबसा उच्चारला, चुकलाच, आणि पुढे गेली. पुन्हा अडली, पुन्हा गजर. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

परिच्छेद संपला. साहेबांसमोर आपण काय केलं हे आता मुलांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

माझ्या शेजारून साहेबांचा खर्जातला आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

आणि तन्वीने, कोणी सांगितलं नसताना, पान उलटलं.