शिडाला वाट

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पावणेआठच्या सुमारास डोंबिवलीच्या मोठागाव धक्क्यापासून खाली, उल्हास खाडीच्या एका मोठ्या वळणावर, खडीने भरलेली एक सपाट तळाची मालवाहू बार्ज गाळात रुतली. बार्जवर पाच माणसं होती. तिच्यापासून दीडशे फुटांवर चौदा फुटांची एक शिडाची होडी होती. होडीत आम्ही दोघं होतो. सुकाणू माझ्या बहिणीच्या सासऱ्यांच्या हातात होतं आणि पुढच्या शिडाचा दोर माझ्या.

बहिणीच्या सासऱ्यांइतका नियमाने वागणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो नियम इतक्या मोठ्या आवाजात वाचून दाखवणाराही नाही. ठाण्याच्या न्यायालयात त्यांनी चौतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली. दुसऱ्यांचे जबाब टिपता टिपता जगातल्या प्रत्येक गोष्टीला कलम असतं, अशी त्यांची खात्री झाली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘सहा व्यक्ती किंवा ४०८ किलो’ अशी पट्टी आहे. बाकीचे लोक त्यातला पहिला भाग वाचतात. हे दुसराही वाचतात. चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी, अत्यंत नम्रपणे, वजन विचारलं. त्या बाई अजून जिन्याने जातात. शेअर रिक्षात पुढे चालकाशेजारी बसायला ते नकार देतात, पण मागची रिक्षा न पकडता तिथेच उभे राहून परवान्याच्या अटी सांगतात. एकदा एक रिक्षावाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “काका, तुम्ही चालतच जा. ते नियमात बसतं.” काकांनी क्षणभर विचार केला आणि खरोखर चालत गेले. मी बरोबर होतो, त्यामुळे मीही.

निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी फायबरची होडी घेतली, तेव्हा घरच्यांना बरं वाटलं. खाडीत नियम सांगायला माणूसच नसतो, असा काकूंचा अंदाज होता. तो चुकला. होडीत तीन लाइफ जॅकेट होती म्हणून माणसं तीनच. डबा नांगर टाकल्याशिवाय उघडायचा नाही. धक्का सोडण्यापूर्वी काका “सज्ज?” असं विचारत आणि उत्तर “सज्ज” असंच द्यावं लागे. मी एकदा “चला” म्हणालो. त्यांनी सोडलेला दोर परत बांधला, होडी पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि पुन्हा विचारलं. निघायचं भरतीला आणि परतायचंही भरती असेतोवरच, कारण ओहोटीला धक्क्याशी नुसता गाळ उरतो. अकरा वर्षं दर रविवारी, पावसाळा सोडून, हाच क्रम होता.

खाडीवर काही आम्ही एकटे नव्हतो. खडीच्या बार्ज होत्या, मच्छीमारांच्या इंजिनाच्या होड्या होत्या, आणि अलीकडे गाणी लावून गोल गोल फिरणाऱ्या स्पीडबोटीही आल्या होत्या. या सर्वांसाठी काकांकडे एकच कलम होतं: यंत्रावर चालणाऱ्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी. समुद्रावरचा हा नियम खरा आहे. मी तो तपासला होता. काकांनी त्याची पाटी करून घेतली होती, पिवळ्यावर काळ्या अक्षरात, ‘शिडाला वाट द्या’. समोरून इंजिन आलं की ते उभे राहून डाव्या हाताने पाटी धरत, उजव्या हाताने सुकाणू, आणि तोंडात शिट्टी. स्पीडबोटवाले मोबाइल काढून त्यांचं चित्रण करत. मच्छीमार हसून बाजूने जात. वाट देत नसे तो एकटा पास्कल.

पास्कल हा त्या बार्जचा तांडेल, म्हणजे तिचा कप्तान. वसईकडच्या एका कॅथलिक कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, जाड मानेचा गृहस्थ. तो वळणावर भोंगा वाजवत सरळ येई आणि शेवटच्या क्षणी आम्हालाच वळावं लागे. जाता जाता तो वरून ओरडे, “काय वकीलसाहेब, आज कंचं कलम?” काका खालून उत्तर देत, “मी वकील नाही, लघुलेखक होतो!” हे संभाषण अकरा वर्षं शब्दशः असंच चाललं. फारच जवळून गेला की काका घरी जाऊन बंदर खात्याला पत्र लिहीत. सतरा पत्रं गेली. सतराव्याला उत्तर आलं. तांडेलला कार्यालयात बोलावून समज देण्यात आली आहे आणि पुन्हा तक्रार आल्यास त्याच्या परवान्याबाबत विचार केला जाईल, असं त्यात होतं. काकांनी ते लॅमिनेट करून घेतलं. नोव्हेंबरची गोष्ट.

जानेवारीतल्या त्या रविवारी पूर्ण भरती सव्वासातला होती. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा पाणी नुकतंच उतरू लागलं होतं. दोन्ही काठांना तिवरं अर्धी बुडालेली, मधे सपाट, रुंद, करडं पाणी. बार्ज वळणाआडून निघाली. पास्कलने भोंगा दिला. काका पाटी घेऊन उभे राहिले.

“काका, तो येतोय.”

“येऊ दे. वळायचं त्याने आहे.”

“आणि नाही वळला तर?”

“तर चूक त्याची.”

“आपण पाण्यात असू, काका.”

“पाण्यात असलो तरी चूक त्याचीच राहील. दोर सोडू नकोस.”

भोंगा पुन्हा वाजला. आखूड आखूड, पाच वेळा. काकांनी शिट्टीने उत्तर दिलं. बार्जच्या नाळेवरचा, पुढच्या टोकावरचा गंज दिसू लागला. मी दोर सोडणार एवढ्यात ती नाळ हळूहळू भिवंडीच्या काठाकडे वळली.

काका खाली बसले. पाटी त्यांनी मांडीवर घेतली. “दिली,” ते म्हणाले. “अकरा वर्षांनी दिली रे.” त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मीही हसलो. मग बार्जच्या इंजिनाचा आवाज चढला. मागे काळा गाळ उकळल्यासारखा वर आला. बार्ज पुढे सरकली नाही.

“उभा का राहिला?”

“रुतला, काका.”

“मधोमध? एवढ्या पाण्यात?”

आम्ही जवळ गेलो. पास्कल केबिनच्या दारात आला. तो ओरडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. “दिली ना वाट, वकीलसाहेब? मग घ्या. जावा ना आता, थांबलात कशाला?”

काकांनी शीड उतरवलं आणि नांगर टाकला. पाणी उतरत होतं आणि संध्याकाळपर्यंत उतरलेलंच राहणार होतं. बार्जची एक बाजू गाळावर टेकली होती, दुसरी खोल पाण्यावर अधांतरी होती. नऊ वाजता ती कलल्याचं नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं. साडेनऊला कळू लागलं. दहा वाजता खडी खालच्या बाजूला सरकली. गोणी फाटल्यासारखा तो आवाज पाण्यावर बराच वेळ राहिला. पास्कलने चारही खलाशांना उतरायला सांगितलं. गाळात मांडीपर्यंत पाय जात होता, चालत काठ गाठणं शक्य नव्हतं. जवळ होडी एकच होती.

काकांनी वल्ही मारत ती बार्जच्या कुशीला नेली. कललेल्या बाजूखाली जाऊ नका, असं मी सांगत होतो. ते बरोबर त्याच बाजूला गेले, कारण उतरता येण्याजोगी तीच होती. चौघं एकामागून एक आले. तीन जॅकेटं त्यांनी तिघा खलाशांना घातली आणि चौथ्याला आपल्या हाताने तरंगतं कडं दिलं. होडीत सहा माणसं झाली. होडीचा काठ पाण्यावर चार बोटं उरला. काकांनी कोणाचं वजन विचारलं नाही.

“तूही ये,” ते पास्कलला म्हणाले.

“नाय येत. बार्ज सोडली असा रिपोर्ट गेला तर परवाना गेलाच समजा. आधीच माझ्या नावावर तुमची सतरा पत्रं हायत.”

“अरे, पण पलटली तर?”

“तर परवाना लागनारच नाय.”

तो वरच्या कठड्यावर जाऊन बसला. धक्क्याशी एव्हाना गाळच असणार होता, म्हणून आम्ही वीस हात लांब जाऊन पुन्हा नांगर टाकला. पाणी उतरत राहिलं. आधी तिवरांची मुळं दिसली, मग त्यांच्यापुढचा गाळ, मग त्या गाळापुढचा गाळ. साडेअकरापर्यंत खाडीचा मोठा भाग उघडा पडला. बगळे उतरले. ज्या रुंद पाण्यावरून आम्ही अकरा वर्षं आडवेतिडवे फिरलो होतो ते आमच्या होडीखाली फूट-दीड फूटच असायचं, आणि होडीला तेवढं पुरायचं. आता त्यातली एक वाकडी पट्टी उरली होती. ती पट्टी आणि बार्जची रुंदी यांत दोन वल्ह्यांचा फरक होता. काका ते वल्हं आडवं धरून पुन्हा पुन्हा बघत होते. या वळणावर त्यांनी ओहोटी पहिल्यांदाच पाहिली.

“हाच रस्ता?” त्यांनी हाक मारून विचारलं.

“अकरा वर्सं हाच हाय! तुमाला काय वाटलं, मस्तीने सरळ येतो मी?”

“मग सांगितलं का नाही?”

“भोंगा दिला की! पाच येळा. दर टायमाला पाच येळा. तुमी शिट्टी फुकायचात.”

पाच आखूड भोंगे म्हणजे धोक्याचा इशारा, हे काकांच्या नौकानियमांच्या पुस्तकात होतं. अरुंद, खोल प्रवाहात ज्या मोठ्या नौकेला बाजूला होता येत नाही, तिच्या आड लहान शिडाच्या होडीने येऊ नये, हेही होतं. त्या ओळीच्या समासात काकांच्या अक्षरात ‘येथे लागू नाही’ असं लिहिलेलं मी नंतर पाहिलं. खाडीची रुंदी त्यांनी भरतीला मोजली होती.

बाराच्या सुमारास काकूंचा फोन आला. होडी एवढीशी, ऐकू सगळ्यांनाच येत होतं.

“जेवायला येताय की नाही? सगळे खोळंबलेत.”

“एक बार्ज अडकली आहे.”

“तुम्ही अडकवलीत का?”

खलाशी दुसरीकडे बघू लागले.

“हो,” काका म्हणाले.

दीड वाजता ओहोटी थांबली. बार्ज आणखी कलली नाही. पास्कल तोवर साडेतीन तास कठड्यावर होता. काकांनी डबा बांबूला बांधून त्याच्यापर्यंत पोचवला. त्यात मेथीचे ठेपले होते. “मीठ कमी हाय,” एवढंच तो म्हणाला आणि डबा रिकामा परत आला. संध्याकाळी पावणेआठला दुसऱ्या बार्जने ती ओढून काढली. काही खडी खाडीत गेली. कोणालाही इजा झाली नाही.

बंदर खात्याच्या अहवालात तांडेलने प्रवाह सोडल्याचं लिहिलेलं होतं आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव होता. चौकशीच्या दिवशी काका आणि मी बसने माजिवड्याला उतरलो आणि तिथून रिक्षाने कार्यालयात गेलो. रिक्षाच्या मीटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. पास्कल बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसला होता. कारकुनाने काकांचं नाव ‘तक्रारदार’ या रकान्यात लिहायला घेतलं.

“तिथे नको. ज्याच्याविरुद्ध आहे तिथे लिहा.”

“काका, तिथे तांडेलचं नाव आहे,” कारकून म्हणाला.

“त्याच्याखाली जागा आहे.”

अधिकारी वयाने लहान होते. त्यांनी काकांना बसायला सांगितलं. काका उभेच राहिले. जबाब त्यांनी स्वतः सांगितला, स्वल्पविरामांसकट. “तांडेलने प्रवाह सोडला हे खरं. तो सोडायला मी लावला. धोक्याचा इशारा त्याने दिला होता. तो मला ऐकू आला होता.”

“आणि ही तुमची आधीची सतरा पत्रं?” अधिकाऱ्यांनी फाईल पुढे केली. “यांचं काय करू?”

“मागे घेतो.”

“सगळी एकाच अर्जात?”

“नाही. पत्रं स्वतंत्र आहेत. अर्जही स्वतंत्र लागतील.”

काकांनी तिथेच बाकावर बसून सतरा अर्ज लिहिले. पास्कल शेजारी होता. सहाव्या अर्जाला तो म्हणाला, “वकीलसाहेब, बास झालं.” काकांनी मान वर केली नाही आणि त्याची चूकही दुरुस्त केली नाही.

परवाना रद्द झाला नाही. तीन महिन्यांसाठी निलंबित झाला.

त्या तीन महिन्यांत पास्कल दर रविवारी मोठागावला आला. पहिल्यांदा कोणी बोलावलं, याबद्दल दोघांची माहिती वेगळी आहे. शिडाची होडी त्याने आयुष्यात चालवली नव्हती. “हिला ब्रेक नाय, रेस नाय, धरायचं तरी काय?” असं तो विचारी आणि काका त्याला पुस्तकातून उत्तर देत. मग ते ओहोटी लागायच्या बेताला निघत, गाळ कुठे आहे आणि खडक कुठे, हे पास्कल बोटाने दाखवी आणि काका लघुलिपीत टिपून घेत. परतायला उशीर होई. चढत्या पाण्याची वाट पाहत दोघं वळणावर बसून असत. काकूंनी दोन डबे द्यायला सुरुवात केली. त्यातल्या एकात मीठ जास्त असे. मला त्या रविवारांना बोलावणं नव्हतं. विचारलं तेव्हा काका म्हणाले, “तुला सुट्टीच्या दिवशी उगाच कशाला.”

परवाना एका शुक्रवारी परत मिळाला. त्यानंतरच्या रविवारी काय झालं, ते मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनी सांगितलेलं जुळतं. पास्कल बार्जवर होता. वळणावर ती सव्वाआठला आली. होडी भिवंडीच्या काठाला, तिवरांजवळ, उथळ पाण्यात उभी होती. शीड उतरवलेलं होतं. होडीत एकच माणूस होता. पास्कलने भोंगा एकदा वाजवला आणि बार्ज प्रवाहातून सरळ पुढे गेली.