मायेनं दिलेलं

वडवणीत आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशी, काहीही दिलं की दोन्ही हातांनी घेत आणि म्हणत, "लई झालं." मागच्या महिन्यात मी घर मोकळं केलं. विटक्या चादरी, तडकलेले डबे, बिघडलेला मिक्सर, सगळं पोत्यांत भरून त्यांना दिलं. घर हलकं झालं, दान केल्याचं समाधानही मिळालं.

पुढं दोन दिवस त्या आल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. एकच खोली. भिंतीला माझी पोती रचलेली आणि त्यांची बाज बाहेर अंगणात.

"टाकून द्यायचं ना, मावशी!"

"तुमी मायेनं दिलेलं, टाकावं कसं?"

त्यात माया नव्हती, हे मला सांगता आलं नाही. मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी एक पोतं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.