आईची तोंडी परीक्षा

माझ्या शुद्धलेखनाला आणि अक्षराला कुणी हसू नये. मी चौथीपर्यंतच शिकले. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. साहेबांनी ही वही बघितली असती तर पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं असतं, "प्रगती असमाधानकारक." हा त्यांचा आवडता शेरा. शाळांना दिला, मास्तरांना दिला, पोरांना दिला आणि शेवटी स्वतःच्या आईलाही दिला.

साहेब म्हणजे शाळा तपासणारे साहेब. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गावोगावच्या शाळा तपासत त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर साताऱ्यात घर बांधून बसले. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. घरात ते आणि त्यांची नव्वदीला आलेली आई. आजी मूळच्या आटपाडीकडच्या, जन्म शेरडांमागं गेलेला. त्यांना विसरण्याचा आजार झाला म्हणून मला दिवसभर सांभाळायला ठेवलं होतं.

सकाळी नऊ वाजता साहेब आजींच्या खोलीत यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. कॉटसमोर खुर्ची ओढायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे, वही पोटाला टेकवायचे आणि म्हणायचे, "घाई नको. नीट विचार करून उत्तर दे. मी कोण?"

म्हातारं माणूस आजारी पडलं की आपण सगळेच विचारतो, वळखलं का मला? एकदा विचारतो, हसतो, सोडून देतो. साहेब सोडत नव्हते. डॉक्टरांनी तपासताना एकदा जे दहा प्रश्न विचारले होते ते त्यांनी वहीत उतरवून घरी आणले आणि रोज परीक्षा सुरू केली. दहापैकी गुण द्यायचे. पुढं तारीख आणि सही.

"आज वार कोणता?"

"बाजार कवा हाय?" आजी विचारायच्या.

"बाजाराचं नाही विचारलं. वार सांग."

"बाजार शनवारचा."

"म्हणजे आज शनिवार आहे?"

"मला काय ठावं? तुमी शिकल्यालं."

"शून्य," साहेब लिहायचे. "पुढचा प्रश्न. शंभरातून सात गेले, किती उरले?"

"सात कुनी न्हेलं?"

"कुणी नाही नेले. नुसते गेले."

"नुसतं कसं जातंय आवं? लांडगा आला आसंल."

मी तोंडाला पदर लावून बाहेर पळायची. साहेबांना मात्र हसू येत नसे. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला वजाबाकी विचारणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते मला लिहिता येत नाही असं नाही, पण वहीत बरं दिसणार नाही.

मला म्हणायचे, "स्मरणशक्ती ही सवयीची गोष्ट आहे. हिचा सराव कमी पडतो." मग एक दिवस त्यांनी भिंतीला तक्ता लावला. वर त्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली 'मी तुझा मुलगा आहे'. आजींना एक अक्षर वाचता येत नव्हतं. हे लेकाला ठाऊक नव्हतं का? होतं. पण तक्ता लावल्याशिवाय यांची शाळा पास होत नसणार.

आमच्या शाळेतही असे एक साहेब आले होते. मला उभं करून विचारलं, गावाजवळून कोणती नदी वाहते? शाळेमागंच कृष्णा. रोज तिच्यात पाय बुडवून मी वर्गात यायची. पण आवाज फुटेना. "हिला बोलता येतं का?" ते मास्तरांना म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. ते हेच होते असं मी म्हणत नाही. तसे पुष्कळ होते. पण तेही चष्मा असाच नाकावर आणायचे.

म्हणूनच असेल, मी आजींना कॉपी पुरवायला लागले. साहेबांच्या खुर्चीमागं केर काढायचं निमित्त करून उभी राहायची आणि ओठ हलवून वार सांगायची. कधी जमायचं, कधी नाही. एकदा आजींना दहापैकी चार पडले तर साहेब दिवसभर खुशीत होते. दुपारी स्वतः जाऊन पेढे घेऊन आले.

मग एकदा मी पकडली गेले. साहेबांनी विचारलं, "मी कोण?" मी मागं उभी राहून हातात तान्हं मूल धरल्यासारखं हलवून दाखवलं, म्हणजे लेक, लेक म्हणा. आजींनी माझ्याकडं नीट बघितलं आणि काळजीनं विचारलं, "बाळ किरकिर करतंय व्हय गं? दूध उतरतंय का तुला?"

साहेब मागं वळले. माझे हात तसेच पाळण्यासारखे.

"कॉपी!" साहेब ओरडले. "माझ्या घरात कॉपी! तुझं शिक्षण किती?"

"चौथी."

"तरीच. तीन दिवसांचा पगार कापला. नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवसापासून मला खोलीबाहेर काढून, दाराला कडी लावून परीक्षा होऊ लागली. आतून साहेबांचाच आवाज यायचा. आजींचा येईना. लांडगा नाही, बाजार नाही. थोड्या दिवसांत त्यांनी भिंतीकडं तोंड करून पडायचं धरलं. जेवण सुटलं. दूधभाकरी कुस्करून दिली तरी ओठ आवळून घ्यायच्या.

साहेबांनी डॉक्टर आणले. डॉक्टर तरुण होते, पण बाजूला बसून आजींचा हात बराच वेळ धरून राहिले. मग म्हणाले, "सगळा दोष विसरण्याच्या आजाराचा नाही. या फार उदास झाल्यात. म्हातारपणी नैराश्य येतं आणि लोकांना वाटतं डोकंच गेलं. गोळ्या देतो. पण त्यांना प्रश्न विचारू नका, घाबरवू नका. पोटात अन्न गेलं नाही तर या राहायच्या नाहीत."

"मी घाबरवतो?" साहेब म्हणाले. "मी शिकवतोय, डॉक्टर."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाचे पाच प्रश्न केले. सवलत म्हणून.

आता माझं सांगते, कारण नावं ठेवायची तर सगळ्यांना ठेवावीत. आजी दुपारी माझ्याशी थोडंथोडं बोलायच्या. मी काही विचारायची नाही, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवायची. त्यांची बोटं आपोआप चालायची. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं, कधी चुकलं नाही. अशाच एका दुपारी त्यांनी हळूच विचारलं होतं, "गेला का त्यो मास्तर?"

"कंचा मास्तर, आजी?"

"सकाळचा येतोय त्यो. दोन पेनाचा."

तेव्हा मला कळलं, त्या साहेबांना 'आवं' आणि 'तुमी' का म्हणतात. पोटच्या लेकाला कुठली आई असं म्हणते? मला कळलं आणि मी पंधरा दिवस गप्प राहिले. सांगायला जायची आणि ते चष्म्यावरून बघायचे की मी केरसुणी उचलून परत फिरायची. अर्ध्या भाकरीची चतकोर झाली तरी मी गप्प. एक दिवस आजींच्या पोटात दोन घोट चहाशिवाय काही गेलं नाही, तेव्हा मी पडवीत जाऊन उभी राहिले.

"साहेब, आजी तुमाला मास्तर समजत्यात."

"कोण समजतं?"

"आजी. साळंचं मास्तर. भेत्यात तुमाला."

"हे तू पढवलंस तिला."

"न्हाई."

"पुरावा काय?"

"दाराआड हुबं ऱ्हावा. बोलू नका. खोकू बी नका."

साहेबांपुढं एवढं मी पहिल्यांदाच बोलले होते. का कोण जाणे, साहेब उठले आणि दाराआड जाऊन उभे राहिले. मी आजींना उठवून बसवलं, शेंगा पुढं ठेवल्या. दाराच्या फटीत साहेब या पायावरून त्या पायावर होत होते. मला वाटलं, आता म्हणतात पुढचा प्रश्न.

"गेला न्हवं मास्तर?" आजी म्हणाल्या.

"गेलं."

"उंद्या परत येतोय. मला काय येत न्हाई गं. आज न्हाई तर उंद्या मारंल मला."

"न्हाई मारत, आजी."

"माझा लेक येऊ दे, मग बगतोच त्यो. मोठा सायेब हाय. त्याला बगून मास्तर उठून हुबं ऱ्हात्यात." आणि त्यांनी लेकाचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. कित्येक महिने ज्या उत्तराला लाल शाईनं शून्य पडत होतं ते उत्तर. "पर त्याला कुनी कळवलंच न्हाई. मी हितं हाय ते ठावंच न्हाई त्याला. कळल्यावर एक दिस ऱ्हायचा न्हाई त्यो."

मी टरफलं टाकायला बाहेर गेले तर साहेब अंगणात भिंतीकडं तोंड करून उभे होते. मला भीती वाटली की हे आता आत जाऊन म्हणतील, आई, तो मीच. म्हणाले असते तर त्या आणखी भ्याल्या असत्या. ते गेले नाहीत. तेवढी अक्कल त्यांना त्या वेळी कुठून आली ते देव जाणे.

"ती असं रोज म्हणते?"

"रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"भ्याले," मी म्हणाले.



दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, खुर्ची रिकामी. साहेब पडवीत बसून होते. मोरीकडं जायला आजींच्या खोलीतूनच वाट, तर हा माणूस घराला वळसा घालून मागच्या दारानं जायला लागला. आजी झोपल्या की चपला हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत यायचे, बघायचे, परत जायचे. त्यात मोठं काही केलं असं मला अजून वाटत नाही. आधीच केलं असतं तर?

दोन दिवस आजी दाराकडंच बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तर कसा आला न्हाई?"

"त्यांची बदली झाली, आजी."

"कुटं?"

"पाचगणीला."

"थंडीत गेला मेला. बरं झालं." मग माझ्याकडं वळून, "बदली कुनी केली?"

पडवीत वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

"तुमच्या लेकानं," मी म्हणाले.

आजींचं सगळं तोंड हसलं. दात नव्हतेच, तरी हसलं. "म्हनलं न्हवतं तुला?" त्या म्हणाल्या आणि दूधभाकरीची ताटली स्वतःच पुढं ओढली.

महिनाअखेरीला साहेबांनी मला पडवीत बोलावलं. पाकिटात महिन्याचा पगार होता आणि वेगळ्या कागदात घडी करून कापलेले तीन दिवसांचे पैसे. चुकलं म्हणाले नाहीत. असली माणसं म्हणत नाहीत. "मोजून घे," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी त्यांच्यासमोर उभ्यानं मोजले, मुद्दाम सावकाश. पूर्ण होते.