चिंचेतला ढब्बू पैसा

आबांनी जुनी तांब्याची नाणी आम्हा दोघी बहिणींत वाटली. मला पिशवीभर दिली, धाकटीला एकच. पण ते एक कोणतं? आबा पहिल्यांदा धुळ्याला शिकायला निघाले तेव्हा त्यांच्या आईने खिशात घातलेला ढब्बू पैसा! आयुष्यभर हाताळून तो खजुरासारखा गडद झाला होता. माझं पोट दुखायला लागलं ते तेव्हापासून. थोरली मी, आबांच्या दुखण्याखुपण्याला धावणारी मी, आणि खिशातला पैसा हिला.

निदान माझी नाणी तरी उठून दिसावीत म्हणून पिंप्राळ्याला घरी येताच ती देवाच्या तांब्यासारखी चिंच-मिठाने घासली. लखलखली. आठ दिवसांत त्यांवर काळे डाग पडले. शेजारचे निवृत्त मास्तर नाणी जमवतात, ते बघून कळवळलेच. "अहो ताई, तो तपकिरी रंग चढायला आयुष्य जातं. तुम्ही तर सालच काढलीत!" मग त्यांनी रीत सांगितली. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात नाणं दोन दिवस ठेवायचं, मऊ ब्रशने मळ सोडवायचा, सुती कापडाने टिपून पुरतं वाळवायचं आणि कोरड्या कागदात ठेवायचं. आंबट काही लावायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही.

दिवाळीला बहीण भुसावळहून आली. ढब्बूच्या कडेला मळ धरला होता.

"अक्का, तू शिकलीस ना? एवढा करून दे. मला भीती वाटते."

ओट्यावर त्या पाण्याची बाटली होती, शेजारी चिंच. मला सगळं माहीत होतं. मी चिंच घेतली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. बहिणीने कौतुकाने कागदाची पुडी सोडून पैसा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला, खिडकीपाशी नेला.

"हाऊ मना पैसा न्हई. मना कोठे शे?"

बहिणीने नाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं.

"आबा, मीच घासा," ती म्हणाली. "मनी चूक व्हयनी."

आबा तिला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मला लाज वाटली, हे खरं. पण त्याआधी हेवा वाटला.