हॅलिफॅक्सचा बारा एप्रिल

मॉरिसव्हिलला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एक मावशी राहायच्या. उंच, सत्तरी ओलांडलेल्या, आफ्रिकन-अमेरिकन, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मावशी मी मनातल्या मनात म्हणायचे, तोंडावर मॅम. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की मी शिवायला बसायचे. एका सकाळी त्या कापडांचा ढीग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"तुझ्या मशीनचा आवाज ऐकते रोज. काजं करता येतात का, हनी? माझी बोटं आता वळत नाहीत."

त्या हॅलिफॅक्सच्या. आमच्याकडून दीडेक तासावर, नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे दरवर्षी बारा एप्रिलला जुन्या काळचे कपडे घालून लोक जमतात, आणि त्यातली कितीतरी जाकिटं या शिवून देत. आमच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या झेंड्यावर दोन तारखा आहेत, त्यातली खालची हीच. लायसन्स काढायला गेले होते तेव्हा तो झेंडा मी पाहिला होता, पण तारीख कुणाची ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

काजं करता करता मावशींनी सांगितलं. १७७६ साली ही इंग्लंडच्या राजाची वसाहत. अख्ख्या देशाच्या स्वातंत्र्याचा चार जुलै अजून उजाडायचा होता. या वसाहतीचे प्रतिनिधी हॅलिफॅक्सला जमले आणि त्यांनी ठरवलं, की बाकीच्या वसाहती तयार असतील तर आमची माणसंही राजाला सोडायला हो म्हणतील. अशी परवानगी देणारी ही पहिलीच वसाहत.

"कुणीच नाही म्हणालं नाही?"

"कुणीच नाही."

"आणि राजा जिंकला असता तर?"

त्यांनी हातातला दोरा गळ्याभोवती धरून दाखवला. माझी सुई थांबली.

शेवटी त्यांनी मांजरपाटासारखं जाडंभरडं कापड काढलं. "याचा एक साधा झगा शिव. खिसा नको, लेस नको. माझ्या मापाचा."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. त्या फक्त शिवून देतात, म्हणून त्यांच्याएवढ्या उंचीची दुसरी कुणी असेल, असं धरून चालले.

२००८ साली बारा एप्रिल शनिवारी आला. "एवढ्या लांब ड्राइव्ह करून गवत बघायचं का यार?" असं नवरा म्हणाला, पण गाडीवर साचलेला पाइनचा पिवळा पराग पुसून निघाला. हॅलिफॅक्सला पोचलो तर खरंच गवतच होतं. मी मोठ्या इमारतीची कल्पना केली होती. जिथे ते लोक जमले होते ती इमारत केव्हाच गेलेली. चार लाकडी घरं, डॉगवुडची पांढरी फुलं आणि मोकळं मैदान. एवढ्याशा जागेतून एवढं मोठं काहीतरी निघालं होतं, हे डोक्यात मावेना.

ढोल वाजला. मी काजं केलेल्या जाकिटांतली माणसं रांगेत उभी राहिली. वाचणारा गृहस्थ एरवी गावात नळदुरुस्ती करणारा. त्याने कागद उघडला आणि राजाच्या अत्याचारांची यादी वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात डाव्या बाजूची गर्दी हलली.

मावशी येत होत्या. अंगात तो झगा, डोक्याला फडकं, पायांत काही नाही. कुणाकडेही न बघता त्या सरळ चालत आल्या आणि वाचणाऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. तो थांबला. त्याच्या छातीवरची बटणं श्वासासरशी वरखाली होताना मला दिसत होती. मग त्याने हॅट काढून काखेत धरली आणि पुढचं सगळं मावशींकडे बघत वाचलं. त्याचा आवाज आधीपेक्षा हळू झाला होता, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. शेवटी सगळे एका आवाजात "हो" म्हणाले, बंदुकांचा बार झाला, धूर पसरला. नवऱ्याने माझा हात कधी धरला होता, ते मला कळलंच नव्हतं.

नंतर तो गृहस्थ आला. "मॅम, आधी सांगायचंत ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्ची दिली असती," मावशी म्हणाल्या.

परतताना त्या आमच्याच गाडीत, मागच्या सीटवर माझ्या मुलीशेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, "तुमची माणसं तेव्हा इथे गुलाम होती ना? मग दरवर्षी ती जाकिटं का शिवता?"

त्या बाहेरच्या शेतांकडे बघत म्हणाल्या, "आत ती माणसं राजापासून सुटायचं बोलत होती. बाहेर त्यांचे घोडे कोण धरून उभं होतं? माझे पूर्वज. त्यांना कान नव्हते का? त्यांनीही ऐकलंच असेल की, राजालाही नको म्हणता येतं. माझ्या दृष्टीने त्या दिवशी हे दोन्ही झालं. लोक एकच साजरं करतात. म्हणून या वर्षी म्हटलं, त्यांच्यासारख्या कपड्यांत आपण उभं राहावं."

नवऱ्याने रेडिओ बंद केला.

मुलगी मात्र त्यांच्या झग्याचं टोक बोटांनी चाचपत होती. तिने विचारलं, "तुम्ही स्केअर्ड होतात का?"

"खूप," मावशी म्हणाल्या. "हे बघ, अजून गुडघे लटपटताहेत." आणि त्यांनी तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला.