डावा गाल

इस्पितळाच्या तळमजल्यावर शेवटच्या खोलीत बसणाऱ्या त्या बाईंना सगळे मेणबाई म्हणायचे. कुणाचं नाक रोगाने गेलं, कुणाचा कान यंत्रात सापडला, तर मेणबाई तो आधी मेणात घडवायच्या आणि मग सिलिकॉनमध्ये ओतायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच काम. हात मऊ, जीभ मात्र कात्रीसारखी. दुसऱ्याची चूक दिसली आणि मेणबाई गप्प बसल्या, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

मग वरच्या मजल्यावर थ्रीडी प्रिंटर आला. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला काचेची खोली, थंड हवा, दारावर चकचकीत पाटी. मेणबाईंच्या खोलीतला नळ तीन वर्षं गळत होता, त्याची दाद ना फिर्याद. विभागाचे मोठे डॉक्टर पाहुण्यांना वर घेऊन जायचे, छापलेली प्लास्टिकची कवटी हातात धरून फोटो काढून घ्यायचे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या गप्पा मारायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच मेणबाईंचं मत. ते त्यांनी सगळ्या परिचारिकांना ऐकवून झालं होतं.

एका सोमवारी बैठक झाली. टपाल वाटणाऱ्या एका बाईच्या सायकलला मोटारीने उडवलं होतं आणि डाव्या गालाच्या हाडाचा चुरा झाला होता. शस्त्रक्रिया गुरुवारी. इंजिनियरने पडद्यावर दाखवलं, की उजव्या गालाचं हाड आरशात दिसावं तसं उलटवून डावीकडे बसवलं आहे आणि त्याच मापाचा टायटॅनियमचा तुकडा छापून तयार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या कवटीची प्लास्टिकची प्रतिकृती हातोहात फिरली आणि चहासारखीच मेणबाईंपर्यंत सगळ्यात शेवटी पोचली.

सवयीने त्यांनी उजव्या गालावरून अंगठा फिरवला आणि त्या थांबल्या. हाड आत बसलेलं होतं, कडेला जुन्या मोडीचा बारीक उंचवटा. म्हणजे ज्या गालावरून नक्कल केली तोच मुळात मोडका. आता डावाही तसाच बसका होणार, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या म्हणून ही मंडळी एकमेकांची पाठ थोपटणार. पडद्याला सगळ्यांनी बोटं लावली होती, पण बाईच्या बऱ्या गालाला एकाही शहाण्याने हात लावला नव्हता.

मेणबाईंनी कवटी खाली ठेवली आणि मूग गिळून बसल्या. आपल्याला कुणी विचारलंय का, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ही सगळी मंडळी एकदा तोंडघशी पडलेली त्यांना बघायची होती. मंगळवारभर त्या काम करता करता गुणगुणत होत्या.

बुधवारी टपालवाली खाली आली. शस्त्रक्रियेआधी दातांचा साचा घ्यायचा असतो, आणि ते काम मेणबाईंचं. त्या वाटीत साच्याची लगदी कालवू लागल्या तशी ती बोलायला लागली. लहानपणी झोक्यावरून पडली, तेव्हापासून उजवा गाल असा बसका. डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

"फोटोत मी नेहमी डावी बाजू पुढे करायचे, ताई," ती म्हणाली. "तेवढीच एक बरी होती माझी. ती परत मिळेल ना?"

लगदी वाटीतच घट्ट झाली. मेणबाईंना स्वतःची किळस आली. दोन दिवस आपण ज्या गालाची गंमत बघत बसलो, तो डॉक्टरांचा नव्हता.

त्या तशाच जिना चढून वर गेल्या, डॉक्टरांच्या टेबलावर कवटी ठेवली आणि त्यांचा अंगठा धरून उजव्या गालावर दाबला. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचं हसं व्हावं म्हणून. आणि तुम्ही तिच्या गालाला एकदाही हात का नाही लावलात?"

डॉक्टरांनी अंगठा मागे घेतला आणि फोन उचलला.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. कारण 'तांत्रिक' असल्याचं टपालवालीला कळवलं. तिचे जुने फोटो समोर ठेवून मेणबाईंनी कवटीवर मेणाचा गाल घडवला, इंजिनियरने तो यंत्रात टिपला आणि प्रिंटरने तसाच्या तसा छापला. यंत्र बिचारं सांगाल तेच करतं, हे मेणबाईंना नाक मुरडत का होईना, कबूल करावं लागलं. सांगणाऱ्यांबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही. फक्त त्यात आता स्वतःलाही धरलं.

दोन महिन्यांनी टपालवाली गणवेशात आली. डावा गाल छान भरलेला. वर डॉक्टरांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतलाच होता. मग ती खाली आली आणि तिने मेणबाईंचे दोन्ही हात धरले.

"डॉक्टरांनी सांगितलं मला. चूक लक्षात आली तशी तुम्ही धावत वर गेलात म्हणे. तुम्ही होतात म्हणून वाचले."

नळ गळत होता. आयुष्यात दुसऱ्याची एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय न राहिलेल्या मेणबाईंनी तिची ही चूक मात्र तशीच राहू दिली.